मतसंख्या आणि मूल्यनिर्णय : वाङ्मयव्यवहारातील राजकीय पक्षपाताचा एक विचार

वाङ्मयाचे मूल्य ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. परंतु हा अधिकार मतदानाने बजावला जाऊ लागला म्हणजे त्याचे स्वरूप कसे पालटते, हा त्याहून वेगळा व अधिक बिकट प्रश्न आहे. आंतरजालावरील चर्चांमध्ये वाचक प्रत्येक लेखाला व प्रतिसादाला पसंतीची वा नापसंतीची खूण देतात. त्या खुणांची बेरीज सहज हाती येते आणि तीच 'वाचकांची अभिरुची' मानण्याचा मोह संशोधकाला होतो. हा मोह कितपत रास्त आहे, याची तपासणी करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम एक भेद स्पष्ट करावयास हवा. 'हे लेखन चांगले आहे' आणि 'हे म्हणणे मला मान्य आहे' ही दोन विधाने भिन्न आहेत. पहिले मूल्यमापन होय, दुसरे पक्षनिवेदन. प्रतिपक्षाचा युक्तिवाद न पटूनही तो समर्थ आहे असे सुजाण वाचक म्हणू शकतो. किंबहुना तसे म्हणता येणे हेच सुजाणतेचे लक्षण होय. मतदानात मात्र या दोन्ही विधानांना एकच खूण वाट्यास येते. विषय राजकारणाचा असला की दुसरे विधान पहिल्याची जागा घेते आणि बेरीज पाहणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही. पक्षपात येथे मतदाराच्या मनात असतो हे खरे. परंतु त्याला आडोसा देते ती ही रचना.

आपल्याकडील दाखला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदाचा आहे. बडोदे येथील २०१८च्या संमेलनापर्यंत हे पद निवडणुकीने भरले जाई. साहित्य महामंडळाच्या घटक, समाविष्ट व संलग्न संस्थांना आणि यजमान संस्थेला ठरावीक मते असत. लातूर जिल्ह्यातील औसा येथील एखादा शिक्षक दृष्टांतादाखल घ्यावा. वर्षानुवर्षे तो ग्रंथालयातून कवितासंग्रह नेत असेल, मराठवाडा साहित्य परिषदेचा सभासदही असेल. तरी मतदारयादीत त्याचे नाव असेलच असे नव्हते. जे यादीत होते त्यांच्या घरी पत्रे, दूरध्वनी व उमेदवार स्वतः जाऊन पोहोचत. १९९२च्या कोल्हापूर संमेलनासाठी झालेल्या निवडणुकीत रमेश मंत्री निवडून आले व इंदिरा संत पराभूत झाल्या. मंत्री यांच्या विनोदी व प्रवासपर लेखनाचा अधिक्षेप न करताही असे म्हणता येईल की, इंदिरा संतांच्या कवितेचा निवाडा त्या मतमोजणीने झाला, असे मराठी कवितेचा कोणताही अभ्यासक मानणार नाही. मते मोजली गेली ती संघटनांची. नाव मात्र वाङ्मयाचे होते.

यादीत कोण, हा प्रश्न मतदानाच्या आधीचा आहे आणि तो फार जुना आहे. न्यायमूर्ती रानडे व लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात ग्रंथकारांचे संमेलन भरले. १८८५ साली भरलेल्या दुसऱ्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी नाकारले. जी सभा शूद्रातिशूद्रांच्या हिताची दखल घेत नाही तिच्यात आपण काय म्हणून मिसळावे, असा त्यांच्या नकाराचा आशय होता. फुले यांची ही हरकत एखाद्या निर्णयावर नव्हती, निर्णय करणाऱ्या मंडळाच्या घडणीवर होती. मतांतील पक्षपात मोजावयास निघालेल्या अभ्यासकाने ही पायरी ओलांडून पुढे जाऊ नये.

आता आंतरजालाकडे वळू. औशाच्या त्याच शिक्षकास येथे यादीची अडचण नाही. दिवसाकाठी शंभर मते द्यावयासही त्याला कोणी अडवीत नाही. मग हा निर्णय अधिक विश्वसनीय मानावा काय? २०११ साली सुरू झालेल्या 'ऐसी अक्षरे' या मराठी संकेतस्थळाने या बाबतीत एक विचारपूर्वक प्रयोग केला. तेथे नुसती पसंती न देता 'मार्मिक', 'माहितीपूर्ण', 'विनोदी', 'खोडसाळ', 'भडकाऊ', 'अवांतर' अशा श्रेणी देण्याची सोय होती. अमेरिकेतील 'स्लॅशडॉट' या संकेतस्थळाच्या पद्धतीशी तिचे नाते उघड आहे. या पद्धतीचा गुण असा की, मत देणाऱ्यास निदान एका शब्दापुरते कारण सांगावे लागते. तिची मर्यादाही त्याच शब्दात आहे. 'माहितीपूर्ण' हा शब्द लेखनाविषयी काही सांगतो. 'भडकाऊ' हा पुष्कळदा वाचकाच्या भडकण्याविषयी सांगतो. मला न रुचणारे राजकीय मत भडकाऊ आणि माझ्या मताचे तितकेच तिखट लेखन मार्मिक, असे मानण्यास ही श्रेणी मज्जाव करू शकत नाही.

याहून सूक्ष्म दोष एका प्रयोगाने दाखविला आहे. मुचनिक, अराल व टेलर या संशोधकांनी २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात त्याचा वृत्तान्त दिला. एका वार्तासंकलक संकेतस्थळावरील लाखाहून अधिक प्रतिसादांपैकी काहींना, गुणवत्ता न पाहता, यदृच्छेने एक आगाऊ अनुकूल मत देण्यात आले. ते पाहून पुढच्या वाचकाने अनुकूल मत देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि अशा प्रतिसादांचे अंतिम गुणांकन सरासरीने २५ टक्क्यांनी अधिक भरले. आगाऊ प्रतिकूल मताचा परिणाम मात्र पुढील वाचकांनी बव्हंशी भरून काढला. हा कल सर्व विषयांत सारखा नव्हता; राजकारण, समाज व संस्कृती आणि व्यापार या विषयांत तो आढळला. म्हणजे जेथे मतभेद तीव्र, तेथेच मागच्याचे पाऊल पाहून पाऊल टाकण्याची वृत्ती प्रबळ.

या निष्कर्षाचे महत्त्व कॉन्दोर्सेच्या सिद्धान्ताशी ताडून पाहिल्यास ध्यानी येते. १७८५ साली या फ्रेंच गणितज्ञाने दाखविले की, प्रत्येक मतदाराचा निर्णय बरोबर असण्याचा संभव निम्म्याहून अधिक असेल आणि प्रत्येकजण स्वतंत्रपणे मत देत असेल, तर मतदार वाढतील तसतसा बहुमत बरोबर असण्याचा संभव वाढत जातो. संभव निम्म्याहून कमी असेल, तर त्याच हिशेबाने बहुमत चुकीकडे जाते. लोकमताचा हवाला देणारे सिद्धान्ताचा पूर्वार्ध स्मरतात, 'स्वतंत्रपणे' ही अट विसरतात. शिवाय हा सिद्धान्त ज्या प्रश्नाला एक बरोबर उत्तर आहे त्यालाच लागू पडतो. वाङ्मयीन मूल्याचा प्रश्न त्या जातीचा आहे असे गृहीत धरता येत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग मतदानच नको. हा उपायही आपण करून पाहिला आहे. महामंडळाने २०१८ साली घटना बदलून निवडणूक रद्द केली आणि यवतमाळ येथील जानेवारी २०१९च्या संमेलनासाठी अरुणा ढेरे यांची एकमताने निवड झाली. निवड सर्वत्र समाधानाने स्वीकारली गेली. परंतु त्याच संमेलनाच्या उद्‌घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण ऐन वेळी मागे घेण्यात आले. संमेलन उधळले जाण्याची भीती हे कारण पुढे आले आणि महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. मतपेटी गेली, राजकारण गेले नाही. एप्रिल २०२२मध्ये आपल्याच जिल्ह्यातील उदगीर येथे भारत सासणे यांच्या अध्यक्षतेखाली पंचाण्णवावे संमेलन भरले, तेव्हा विद्रोही साहित्य संमेलनही त्याच गावी भरले. फुले यांचा प्रश्न एकमताच्या निवडीनेही सुटला नव्हता, याची ही साक्ष होय. निवडणुकीत निदान विरोधी मतांचा आकडा नोंदला जातो. एकमतात तीही नोंद उरत नाही.

तेव्हा दोष मत देण्यात नाही, मताला निर्णय समजण्यात आहे. मतसंख्या ही पुराव्याची वस्तू खचित आहे. परंतु ती कशाचा पुरावा आहे हे आधी ठरले पाहिजे. मतदार कोण होते, मत देण्यापूर्वी त्यांना आधीची बेरीज दिसत होती काय, आणि मतासोबत कारण मागितले होते काय, या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या प्रबंधात नाहीत, त्यातील आकडे वाचकांच्या गटांविषयी काही सांगतील, कृतीविषयी नव्हे. औशाच्या त्या शिक्षकास पूर्वी मत नव्हते, आज हवी तितकी मते आहेत. त्याने ते पुस्तक वाचून काय ठरविले, हे मात्र दोन्ही काळांत कोणी विचारले नाही. ते विचारणे हे समीक्षेचे काम आहे आणि कोणत्याही मोजणीवर ते सोपवून मोकळे होता येणार नाही.