निवेदक व स्वप्नप्रसंग, कथात्म साहित्यातील

कथेतील घटना वाचकापर्यंत पोहोचविणारा आवाज म्हणजे निवेदक, तर पात्राच्या निद्रेतील अनुभवाचे चित्रण म्हणजे स्वप्नप्रसंग. ही दोन्ही साधने भिन्न असली, तरी त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो : सांगितले जाते ते कोणाच्या जाणिवेतून आले आहे आणि वाचकाने त्यावर कितपत विश्वास ठेवावा.

प्राचीन भारतीय कथांत स्वप्न ही बहुधा घटनाच असते. उषेच्या स्वप्नातील अनिरुद्धाचा शोध चित्रलेखा चित्रे रेखाटून घेते. लोकपरंपरेतील हरिश्चंद्र स्वप्नात दिलेले राज्य जागेपणी सोडतो. भासाच्या स्वप्नवासवदत्त नाटकातील उदयन मात्र वासवदत्तेच्या खऱ्या स्पर्शालाच स्वप्न समजतो. सोमदेवाच्या कथासरित्सागरात (अकरावे शतक) कथेत कथा गुंफलेल्या आहेत. पण सांगणाऱ्याच्या स्वभावामुळे कथेचा अर्थ सहसा पालटत नाही.

मराठी कादंबरीत हा पालट हरि नारायण आपटे यांच्या पण लक्षात कोण घेतो ? (१८९०–९३) मध्ये ठळकपणे दिसतो. विधवा यमुना स्वतःची कहाणी स्वतःच्या घरगुती भाषेत सांगते. त्यामुळे विधवेची स्थिती हा सुधारकांच्या वादाचा विषय न राहता एका व्यक्तीची साक्ष ठरते. या कादंबरीचे सामर्थ्य तिच्या विषयाइतकेच निवेदकाच्या निवडीतही आहे.

मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा विस्तृत आढावा कुसुमावती देशपांडे यांनी मराठी कादंबरी : पहिले शतक (१९५३–५४) या ग्रंथात घेतला. नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात त्या इंग्रजीचे अध्यापन करीत. दीपकळी, मोळी या संग्रहांतील त्यांच्या कथांत घटना थोड्या असून निवेदकाची संवेदनशीलता हाच कथेचा आधार असतो.

एकाहून अधिक निवेदक योजल्याने सत्याचे अनेक पैलू आपोआप प्रकट होतात, असे मात्र नाही. वि. स. खांडेकरांच्या ययाति (१९५९) मध्ये ययाती, देवयानी व शर्मिष्ठा आळीपाळीने बोलतात. प्रत्येकाची बाजू कळते. परंतु तिघांचीही वाणी लेखकाच्याच अलंकारप्रचुर शैलीत असल्याने व्यक्तिभेद दृष्टिकोनात राहतो, भाषेत उतरत नाही. भालचंद्र नेमाडे यांच्या कोसला (१९६३) मध्ये निवेदक एकच असूनही त्याची तिरकस, तुटक भाषा त्याच्या मनाचा पुरावा ठरते. बहीण मनीच्या मृत्यूपुढे तोच उपरोध अपुरा पडतो, हे वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

सिग्मंड फ्रॉइडच्या स्वप्नमीमांसेनंतर स्वप्न हे दडपलेल्या इच्छांचे द्वार मानले जाऊ लागले. बा. सी. मर्ढेकरांनी रात्रीचा दिवस (१९४२) मध्ये संज्ञाप्रवाहाची पद्धत वापरून बाह्य घटनाक्रमाऐवजी मनातील साहचर्यांना महत्त्व दिले. जी. ए. कुलकर्णी यांच्या रमलखुणा (१९७५) मधील दोन दीर्घकथांत तर अवघे कथाविश्वच स्वप्नसदृश आहे. त्यातून पात्राला जाग येऊन सुटका होत नाही.

स्वप्नप्रसंगाचे यशापयश येथेच ठरते. संकट टाळण्यासाठी वा भविष्य सूचित करण्यासाठी आणलेले स्वप्न कथेला उपरे राहते आणि शेवटी ‘ते स्वप्न होते’ असे उघड केल्यास वाचकाची भावनिक गुंतवणूक व्यर्थ जाते. जागेपणी जे पात्राला स्वतःशीही कबूल करता येत नाही, ते जेव्हा स्वप्नातून व्यक्त होते, तेव्हाच ते कथेचा अपरिहार्य घटक बनते. निवेदकासही हाच निकष लागू पडतो : त्याच्या जागी दुसरा योजल्यास कथेचा अर्थ बदलत नसेल, तर ती योजना केवळ तंत्रापुरती उरते.