हाताची जीभ

दोस्तांनो, आधी माझीच चूक. माझ्या कवितांत 'मुकं-बहिरं' किती वेळा आलंय ते परवा मोजलं. सात वेळा. बहिरं सरकार, बहिरा देव, मुकी वस्ती. टाळ्या पडल्या, मी खूश. पण बहिऱ्या माणसाला कधी विचारलं नाही, की बाबा, तुझ्या नावानं मी दुसऱ्याला शिव्या घालतोय, चालेल का? (बहिराच लिहितोय, 'दिव्यांग' नाही. 'हरिजन' म्हणून कुरवाळलेलं आपल्याला तरी कुठं चाललं?)

डोक्यात हा किडा सोडला 'तामा' या लघुपटानं. न्यूझीलंडचा, 2017 सालचा. दिग्दर्शक जेरेड फ्लिटक्रॉफ्ट, स्वतः बहिरा आणि माओरी, म्हंजे तिथला मूळचा माणूस. जोडीला जॅक ओ'डॉनेल. गोष्ट एवढीच की तामा नावाचा बहिरा माओरी पोरगा आहे, घराची घडी विस्कटलेली आहे, आणि त्याला हाका करायचाय. हाका हा माओरींचा नाच. पाय आपटायचे, छाती-मांड्या बडवायच्या, डोळे वटारायचे आणि सगळ्यांनी मिळून गर्जायचं. ज्याला ऐकू येत नाही तो काय गर्जणार, असं आपण म्हणतो आणि तिथंच आपली अक्कल उघडी पडते. हाक्याची अर्धी भाषा अंगाची आहे. पायाचा दणका जमिनीतनं तळव्यात येतो, त्याला कान लागत नाही.

हे मला पटायला पुस्तक लागलं नाही. गिरणीत रिंग खात्यात शेजारच्याला हाक मारली तरी कळत नाही. आम्ही हातानंच बोलतो. साचा बिघडला की आधी पायाला कळतं, मग कानाला. आता तर माझ्या डाव्या कानात घरी गेल्यावरही शिट्टी वाजत राहते.

पण एवढ्याशा गोष्टीत जे मावत नाही ते फार मोठं आहे. माओरी पोरांनी शाळेत माओरी बोललं की मार बसायचा. 1880 साली तिथं समनेरला बहिऱ्यांची शाळा निघाली, तिचा कायदा असा की ओठ हलवून बोला, हात हलवायचे नाहीत. 1979 पर्यंत वर्गात खुणांना थारा नव्हता. म्हंजे बहिऱ्या माओरीची एक भाषा त्याच्यापर्यंत पोचलीच नाही आणि दुसरी त्याच्या हातातनं काढून घेतली. पुढं 1987 साली माओरी आणि 2006 साली खुणांची भाषा तिथं राजभाषा झाली. आपल्या आठव्या अनुसूचीत 22 भाषा आहेत. त्यात भिली नाही, खुणांचीही नाही.

हे सांगणं माहितीपटाचं काम. आणि असा दिग्दर्शक टीव्हीच्या माहितीपटात शिरला की पहिली गोची कॅमेऱ्याची होते. आपली सवय अशी, की माणूस बोलायला लागला की त्याचा चेहरा जवळून घ्यायचा, मग बोलणं मागं चालू ठेवून डोंगर, चूल, म्हातारीच्या सुरकुत्या दाखवायच्या. बहिऱ्याचा नुसता चेहरा घेतला तर त्याची जीभच चौकटीबाहेर राहिली. डोंगर दाखवला तर वाक्यच तुटलं. तो बोलतोय तोवर त्याच्याकडं बघत राहणं भाग आहे. आदिवासींवरच्या किती माहितीपटांना हे झेपेल? तारपा वाजतो, बाया हंडे वाहतात, आणि वरनं एक शहरी घनगंभीर आवाज त्यांना निसर्गाची लेकरं ठरवून मोकळा होतो.

आपल्या त्र्यंबकच्या फाळक्यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, त्यात तारामती साळुंके नावाच्या बाप्यानं केली. आज ते ऐकून आपण हसतो. पण 'कोशिश' (1972) असो की 'ब्लॅक' (2005), बहिऱ्यांचं काम ऐकणाऱ्यांनीच केलं, आणि आपण रुमाल काढून रडलो.

कुणी विचारेल, मग 1920 सालचं 'मूकनायक' नाव चुकलं का? नाही. ते मुकेपण लादलेलं होतं, आणि ज्यानं पत्र काढलं तो त्यातलाच होता. खुणांनी बोलणारा माणूस मात्र मुका नाहीच. तो बोलतोय, आपण बघत नाही.

पुढच्या अंकाला दिलेली कविता मी परत मागितलीय. 'मुकी वस्ती' काढायचीय. संपादक म्हणतात, ओळीचं वजन जाईल. दुसरा शब्द अजून सापडला नाही.