पोवाड्याचा शब्द आणि यंत्रातील तयार ‘हॉल’ : महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

पोवाड्याची समीक्षा आजवर प्रामुख्याने संहितेच्या अंगाने झाली आहे. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हापासून पोवाडा हा अभ्यासकांच्या दृष्टीने मुख्यतः छापील मजकूर ठरला. आज मात्र विद्यार्थ्यांपर्यंत तो बहुधा ध्वनिमुद्रणातून पोहोचतो. या ध्वनिमुद्रणात कवी आणि गायक यांच्याखेरीज एक तिसरा हात असतो. हा हात स्टुडिओतील यंत्रावर घुमाऱ्याचा तयार नमुना, म्हणजे ‘प्रीसेट’, निवडणाऱ्याचा होय. ही निवड केवळ तांत्रिक नसून तो संहितेचा अन्वयार्थ आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रीसेटचे स्वरूप

बंद जागेत उच्चारलेला ध्वनी भिंती, छत व जमीन यांवरून पुनःपुन्हा परावर्तित होऊन हळूहळू विरतो. त्याची पातळी ६० डेसिबलने उतरण्यास लागणारा अवधी म्हणजे अनुरणनकाल. स्टुडिओची खोली मुद्दाम ध्वनिशोषक केलेली असते. तिथला आवाज कोरडा असल्यामुळे त्यात घुमारा बाहेरून मिसळावा लागतो. १९५७ मध्ये जर्मनीतील ईएमटी कंपनीने यासाठी टांगलेल्या पोलादी पत्र्याचे यंत्र आणले. १९७६ मध्ये त्याच कंपनीचे डिजिटल यंत्र बाजारात आले. १९८५ च्या सुमारास आलेल्या यामाहा एसपीएक्स-९० या तुलनेने स्वस्त यंत्रामुळे ही सोय लहान स्टुडिओंच्याही आवाक्यात आली.

या यंत्राची रचना आपल्या विषयाच्या दृष्टीने बोलकी आहे. त्यात १ ते ३० हे नमुने कारखान्यातून भरून आलेले असून ते पुसता येत नाहीत. ३१ ते ९० या जागा वापरणाऱ्यासाठी मोकळ्या आहेत. क्रमांक पुढेमागे केल्याने पडद्यावरील नाव बदलते, परंतु ‘रिकॉल’ ही कळ दाबेपर्यंत ध्वनी बदलत नाही. निवडणे आणि लागू करणे या येथे दोन स्वतंत्र क्रिया आहेत. त्या दोहोंमधील क्षण हा विवेकाचा, म्हणजेच समीक्षेचा, क्षण होय. प्रत्यक्षात हा क्षण बहुधा रिकामाच जातो. यादीतील पहिले नाव ‘हॉल’ असते आणि तेच लागू होते.

‘हॉल’, ‘रूम’, ‘प्लेट’ आणि अन्य यंत्रांतील ‘चर्च’, ‘कॅथिड्रल’ ही नावे ज्या संगीतसंस्कृतीतून आली, तिच्या वास्तू त्यांत अध्याहृत आहेत. चावडी, देवळासमोरचे पटांगण, जत्रेचा माळ यांना या यादीत स्थान नाही. यात यंत्र करणाऱ्याचा दोष मानण्याचे कारण नाही. आपण ती नावे न तपासता स्वीकारतो, हा दोष आपला आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी पोलादपूर तालुक्यातील एका वृद्ध शाहिरांचे ध्वनिमुद्रण एका शहरातील स्टुडिओत झाले. विषय तानाजी मालुसरे यांचा होता. ते वर्गात ऐकविले असता मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, गावाचं नाव काय म्हणाले?” ते नाव होते उमरठ, तानाजींचे गाव, त्यांच्या समाधीचे स्थान आणि तिच्या स्वतःच्याच तालुक्यातील. दीर्घ घुमाऱ्यात ते बुडून गेले होते. शाहिरांची चूक नव्हती. त्यांचा उच्चार मी समक्ष ऐकला होता आणि तो स्वच्छ होता.

याचे गणित सोपे आहे. शाहीर वेगाच्या चरणात सेकंदाला साधारण पाच अक्षरे म्हणतो असे धरले आणि अनुरणनकाल अडीच सेकंदांचा ठेवला, तर प्रत्येक अक्षरावर आधीच्या बारा अक्षरांची विरत जाणारी सावली पडते. विलंबित आलापाला ही सावली शोभा देते. कथनप्रधान पोवाड्यात मात्र ती कथेच्याच मुळावर येते.

झील : पोवाड्याचे स्वतःचे अनुरणन

पोवाड्याला घुमारा नको, असा याचा अर्थ नव्हे. त्याला स्वतःचा घुमारा आहे, हा येथील मुख्य मुद्दा आहे. शाहीर चरण संपवितो आणि झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणत त्याचा स्वर उचलून धरतात. शाहिराला श्वास मिळतो आणि श्रोत्याच्या मनात शेवटचा शब्द रेंगाळतो. उघड्या माळावर भिंती नसतात. तेथे भिंतींचे काम झीलकरी करतात. यंत्राचा लांब घुमारा त्यावर चढविला की एकाच कामासाठी दोन यंत्रणा परस्परांना मारक ठरतात.

येथे आनंदवर्धनाचे स्मरण अपरिहार्य आहे. नवव्या शतकातील या आचार्याने व्यंग्यार्थाच्या एका प्रकाराला घंटेच्या अनुरणनाची उपमा दिली. त्यात आघात आधी आणि निनाद नंतर, हा क्रम कळून येतो. शब्दाचा आघातच पुसट झाला, तर निनाद कशाचा, हा प्रश्न उरतो.

भव्यता म्हणजे घुमारा नव्हे

ऐतिहासिक विषय भव्य, म्हणून घुमाराही भव्य हवा, असा युक्तिवाद केला जातो. महाड तालुक्यातीलच रायगड त्याला उत्तर देतो. ज्या राजसदरेवर ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला, तिच्याविषयी वाटाडे सांगतात ते असे, की नगारखान्याजवळ हलक्या आवाजात बोललेलेही सिंहासनाच्या जागी ऐकू येते. या ख्यातीत गौरव घुमाऱ्याचा नसून स्पष्टतेचा आहे. मार्च १९२७ मधील महाडची परिषद आणि पुढील काळातील आंबेडकरी जलसे यांचेही बळ शब्द शेवटच्या श्रोत्यापर्यंत पोहोचण्यातच होते.

१९९९ पासून प्रत्यक्ष वास्तूचा ध्वनिप्रतिसाद टिपून तो लागू करणारी यंत्रे उपलब्ध झाली आहेत. उद्या कोणी ‘राजसदर’ किंवा ‘गांधारपाले लेणी’ असा नमुना तयार करील. त्याचे स्वागतच करावे. परंतु तोही न ऐकता लागू केला, तर केवळ नाव बदलेल, वृत्ती तीच राहील.

निष्कर्ष

१. प्रीसेटची निवड हा संहितेचा अन्वयार्थ असल्याने ती नावावरून न करता ऐकून आणि संहिता समोर ठेवून करावी.

२. शाहिराच्या आवाजाला अल्प अनुरणनकाल द्यावा. मूळ शब्द व घुमारा यांत किंचित अंतर ठेवावे, म्हणजे शब्दाचा आघात शाबूत राहतो. झीलकऱ्यांना थोडा अधिक घुमारा चालू शकेल.

३. असा नमुना एकदा जुळला की तो यंत्रातील मोकळ्या जागेत आपल्या नावाने साठवावा.

४. घुमारा एकदा आवाजात मिसळला की तो पूर्णपणे वेगळा काढणे कठीण असते. म्हणून महाविद्यालयांनी शाहिरांचे मूळ कोरडे ध्वनिमुद्रण स्वतंत्रपणे जतन करावे.

यांतील शेवटची सूचना सर्वांत निकडीची आहे. उपरोक्त शाहीर आज हयात नाहीत. त्यांच्या आवाजाची कोरडी प्रत कोणाकडेही नाही. जे उरले आहे ते ‘हॉल’मधून ऐकू येणारे. उमरठ हे नाव त्यांनी कसे उच्चारले होते, हे मला आता वर्गात स्वतःच्या तोंडाने सांगावे लागते.