विद्यापीठाने पाण्याचा हिशेब मांडावा

'शाश्वत विकास' हा शब्द आता विद्यापीठांच्या भिंतींवर चांगलाच रुजला आहे. १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने तो जगापुढे ठळकपणे मांडला. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी त्याची १७ उद्दिष्टं ठरवली, आणि आता त्या १७ रंगीत चौकटी विद्यापीठांच्या अहवालांतही दिसू लागल्या आहेत. छपरावर सौर पॅनेल, आवारात वृक्षारोपण, ५ जूनला चर्चासत्र. यातलं काहीच वाईट नाही. पण आमचा प्रश्न फाटकाबाहेरचा आहे. विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात जी गावं येतात, तिथलं पाणी आणि तिथली माती टिकावी म्हणून विद्यापीठ काय बोलतं?

हा प्रश्न सगळ्यात आधी कृषी विद्यापीठांना विचारायला हवा, कारण त्यांची स्थापनाच त्यासाठी झाली. १९६८ मध्ये महाराष्ट्रात कृषी विद्यापीठ आलं, आणि १९७२ पर्यंत राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार झाली. त्यासाठी लोकांनी आंदोलनं केली. त्यात प्रादेशिक अस्मिता होतीच, पण एक शहाणपणही होतं. कोकणातल्या जांभ्या जमिनीचं ज्ञान विदर्भातल्या काळ्या जमिनीला पुरणार नाही, हे त्यात मान्य केलेलं होतं. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामं त्यांच्याकडे एकत्र दिली गेली. म्हणजे शोध लावायचा आणि तो बांधापर्यंत पोचवायचाही.

आता राहुरीचंच उदाहरण घेऊ. कोरडवाहू रब्बी ज्वारीवर या विद्यापीठाने केलेलं काम खरोखर मोलाचं आहे. भारी जमिनीसाठी फुले वसुधा, मध्यमसाठी फुले सुचित्रा, हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा. जमिनीची खोली बघून वाण सांगायचा! शाश्वत शेती म्हणतात ती याहून वेगळी काय असते? याच विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्राने फुले २६५ हा उसाचा वाण दिला. तोही उत्तम, चोपण जमिनीत तग धरणारा. पण ज्वारीला जो प्रश्न विचारला, तो उसाला विचारला गेला का? ज्वारीची शिफारस जमिनीच्या खोलीपासून सुरू होते. उसाचा वाण मात्र शेतकऱ्यापर्यंत पोचतो तो टनेज आणि साखर उतारा यांच्या आकड्यांनी. 'या खोऱ्यात, इतक्या पाण्यात, इतकाच ऊस परवडेल' हे वाक्य त्याच्यासोबत ठळकपणे येत नाही.

आणि हे वाक्य किती गरजेचं आहे बघा. राज्यातल्या पिकाखालच्या क्षेत्रात उसाचा वाटा जेमतेम ४ टक्के, पण सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी त्याला जातं, असं केंद्राच्या कृषी खर्च आणि मूल्य आयोगाने नोंदवलं होतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला प्यायचं पाणी न्यावं लागलं. तो दुष्काळ होताच, सगळा दोष उसाचा नव्हे. पण लातूर हा ऊस आणि साखर कारखान्यांचाही जिल्हा आहे, हे विसरून त्या रेल्वेची गोष्ट पुरी होत नाही.

यावर लगेच कुणी म्हणेल, अहो, शेतकरी ऊस लावतो कारण त्याला एफआरपी आहे, कारखाना आहे, कर्ज मिळतं. ज्वारीचा हमीभाव कागदावर, खरेदी केंद्र सापडेलच असं नाही. मग विद्यापीठ काय करणार? हा आक्षेप रास्त आहे. धोरण विद्यापीठ ठरवत नाही. पण धोरण चुकतंय हे आकड्यांनिशी, जाहीरपणे आणि दरवर्षी सांगू शकेल अशी दुसरी संस्था कोणती? चारही विद्यापीठांची 'जॉइंट ॲग्रेस्को' दरवर्षी भरते. त्यातून नवे वाण आणि शिफारशी मंजूर होतात, आणि किती मंजूर झाल्या याची बातमी होते. मागच्या शिफारशींनी कुठल्या तालुक्यातलं किती पाणी वाचवलं किंवा खर्ची घातलं, हीही बातमी व्हायला हवी.

हे अशक्य आहे असं म्हणायची सोय नाही. राहुरी ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली तिथली ग्रामसभा पाऊस मोजते, पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून पिकं ठरवते. ऊस तिथे वर्ज्य. एक गाव हे करतं. मग ज्यांच्याकडे प्रयोगशाळा, हवामान केंद्रं आणि हजारो विद्यार्थी आहेत, त्यांनी ते कार्यक्षेत्रभर का करू नये?

विद्यार्थ्यांचं म्हणाल तर सोय आधीच आहे. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी 'रावे' असतो. मुलं-मुली कृषिदूत, कृषिकन्या म्हणून गावात जाऊन राहतात. बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक होतं, फोटो निघतो, पेपरात येतो. अहवाल कॉलेजात जमा होतो आणि कपाटात जातो. पुढच्या वर्षीची तुकडी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. आमची सूचना साधी आहे. प्रत्येक तुकडीने गावचा पाऊस, विहिरींची पातळी आणि पिकांचं क्षेत्र नोंदवावं, ती वही ग्रामपंचायतीत ठेवावी, आणि पुढच्या तुकडीने तिथून पुढे लिहावं. दहा वर्षांत त्या गावाकडे स्वतःचा पुरावा असेल. मग कारखान्याशी किंवा सरकारशी बोलताना गाव नुसती तक्रार करणार नाही, वही पुढे ठेवील.

महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये लिहिला. बांध घालून पावसाचं पाणी शेतात मुरवायचं काम सरकारने करावं, असं त्यांनी त्यात सुचवलं. राज्यकर्त्यांना काय आवडेल याचा विचार त्यांनी केला नाही. ज्या विद्यापीठाच्या पाटीवर त्यांचं नाव आहे, त्याच्याकडून अपेक्षा थोडी जास्त ठेवायलाच हवी. आणि तुम्हीही एक करा. यंदा गावात कृषिदूत आले की त्यांना चहा द्या आणि विचारा, मागच्या तुकडीची वही कुठे आहे?