'डॉक्टर हू'चें पुनरागमन

बंद पडलेलें नाटक पुन्हा रंगभूमीवर आणणें एक वेळ सोपें. संहिता ठरलेली असते, नट काय ते बदलतात. पण जी कथा सव्वीस वर्षें वाढत गेली आणि मग अर्ध्यावरच थांबली, ती पंधरा वर्षांनंतर पुढें सुरू करावयाची तर कोणास उद्देशून? जुन्यांसमोर पूर्वपीठिका उगाळावी तर ते जांभया देणार, नव्यांस ती न सांगावी तर ते बुचकळ्यांत पडणार. आमचे हरिदास हा पेंच नेहमींच सोडवितात. उशिरां आलेल्या श्रोत्यासाठीं ते आख्यान थांबवीत नाहींत, आणि तरीही त्यास परकें वाटूं देत नाहींत. बी.बी.सी.च्या 'डॉक्टर हू' या वैज्ञानिक अद्भुत मालिकेनें २६ मार्च २००५ रोजीं हाच पेंच कसा सोडविला, तें पाहण्याजोगें आहे.

ज्या वाचकांस या मालिकेचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. 'डॉक्टर' हा परग्रहावरील एक भटका पुरुष असून, लंडनच्या रस्त्यांवर पूर्वीं असत तशा निळ्या पोलीस-पेटीच्या आकाराच्या यंत्रांतून तो काळ आणि अवकाश यांत हिंडतो. पेटी बाहेरून कपाटाएवढी, आंतून वाड्याएवढी. तो मरणोन्मुख झाला म्हणजे देह पालटतो. या युक्तीनें १९६६ पासून नट बदलण्याची सोय झाली, आणि २००५ मधील ख्रिस्तोफर एक्लस्टन हे नववे डॉक्टर. २३ नोव्हेंबर १९६३ रोजीं, म्हणजे केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशीं, सुरू झालेली ही मालिका डिसेंबर १९८९ मध्यें बंद पडली. १९९६ सालीं मध्येंच एक चित्रपट दाखविण्यांत आला, पण गाडा पुढें सरकला नाहीं.

लेखक रसेल टी. डेव्हिस यांनीं योजिलेला उपाय साधा आहे: त्यांनीं कथा डॉक्टरपासून सुरू केलीच नाहीं. भागाचें नांवच 'रोझ', आणि रोझ ही लंडनमधील एका मोठ्या दुकानांत कपड्यांच्या घड्या घालणारी एकोणीस वर्षांची मुलगी. सकाळचा गजर, आईचा निरोप, बस, दुकान, दुपारीं मिकी या मित्राबरोबर खाल्लेले चार घांस, पुन्हा दुकान. तिचा सबंध दिवस धांवत्या चित्रांनीं झटपट उरकला आहे. संध्याकाळीं तळघरांत दुकानांतील पुतळे सजीव होऊन तिच्या अंगावर येतात, एक अनोळखी पुरुष हात धरून तिला पळावयास सांगतो, आणि थोड्याच वेळांत दुकान स्फोटानें उडतें. नव्या प्रेक्षकाचें अज्ञान आणि रोझचें अज्ञान येथें एकच होऊन जातें. जुन्या प्रेक्षकासही तिच्या डोळ्यांनीं पाहतांना आपला डॉक्टर क्षणभर परका, किंचित् भीतिदायकही वाटतो. हा लाभ थोडा नव्हे. पुढें आई नुकसानभरपाईच्या गोष्टी बोलते, आणि मुलीला खाटकाच्या दुकानांतील नोकरी सुचविते. जगावर संकट येत असतां असल्या घरगुती गोष्टी लिहिण्याचा धीर फार थोड्या अद्भुतकथाकारांस असतो. गायिका म्हणून प्रथम प्रसिद्ध झालेल्या बिली पायपर यांनीं हें घरगुतीपण कोठेंही सुटूं दिलेलें नाहीं.

एक्लस्टन यांचीं दोन स्थळें लक्षांत राहतात. पायांखालच्या पृथ्वीची गति आपणांस जाणवते, असें रोझचा हात हातांत घेऊन डॉक्टर सांगतो, तेव्हां आतांपर्यंत पोरकट वाटणारा हा हंसरा मनुष्य एकाएकीं फार दूर गेलेला दिसतो. आणि शत्रूशीं बोलतांना, आपण युद्धांत होतों पण तुमचें जग वांचवूं शकलों नाहीं, असें तो ओझरतें म्हणतो. सव्वीस वर्षांच्या वृत्तांताऐवजीं एवढेंच!

१९६३ च्या पहिल्या भागाशीं हा भाग ताडून पाहावा. तेथें एक शिक्षक व एक शिक्षिका आपल्या वर्गांतील विलक्षण मुलीचें कोडें उलगडावें म्हणून तिच्या मागोमाग भंगाराच्या आवारांत जातात आणि त्या पेटींत शिरतात. (शिक्षकांच्या कुतूहलावर सबंध मालिकेचा पाया घातला गेला, याचें आम्हांस व्यवसायबंधु म्हणून थोडें कौतुक वाटतें.) दिग्दर्शक होते लखनौस जन्मलेले वारिस हुसेन; वय अवघें चोवीस. त्या भागांत राक्षस नाहीं, स्फोट नाहीं. उत्तरार्धांत तर चार माणसांची वादावादीच आहे, आणि तरी अंगावर कांटा येतो. पण त्या शिक्षकांस कोणी विचारलें नव्हतें. म्हाताऱ्या डॉक्टरनें दार लावून घेतलें व त्यांस पळवून नेलें. रोझला मात्र विचारण्यांत येतें, तेंही दोनदां. पळवून नेलेल्या माणसाकडे घरचीं माणसें जाब मागत नाहींत. आपण होऊन गेलेल्याकडे मागतात.

कथानक म्हणून 'रोझ' अशक्तच आहे. प्लॅस्टिकवर सत्ता चालविणारा शत्रू व त्याचे पुतळे १९७० सालच्या एका कथेंतून आणले आहेत. त्यास मारावयास डॉक्टरजवळ प्लॅस्टिक-विरोधी द्रवाची कुपी तयारच! कचऱ्याचा डबा मिकीस गिळून ढेंकर देतो, तो प्रसंग आम्हांस रुचला नाहीं. मुलें खदखदां हंसतील हें कबूल. उलट, प्रचंड वर्तुळाकार यंत्राच्या शोधांत असलेला डॉक्टर 'लंडन आय'च्या चाकाकडे पाठ करून उभा राहतो, तो विनोद अस्सल. डॉक्टरचीं जुनीं छायाचित्रें जमविणारा क्लाइव्ह नांवाचा एक छांदिष्ट येथें आहे. सजीव पुतळे पाहून, आपण जमविलेलें सारें खरें होतें असें त्यास उमगतें, आणि त्याच क्षणीं बायकोपोरांदेखत तो मारला जातो. लेखकानें जुन्या भक्तांस काढलेला हा चिमटा, कीं त्यांचा सन्मान, याचा निर्णय आम्हांस अजून करतां आलेला नाहीं.

आमचा खरा आक्षेप शेवटावर आहे. डॉक्टर रोझला बरोबर येण्यास सांगतो. आई आहे, हा मिकी आहे, म्हणून ती नाहीं म्हणते. पेटी अदृश्य होते, क्षणांत परत येते, आणि ही काळांतूनही प्रवास करते असें डॉक्टर सहज सांगतो. रोझ मिकीचे आभार मानते; कशाबद्दल, असें तो विचारतो; त्याच्याजवळ उत्तर नाहीं, हेंच आपलें उत्तर, अशा अर्थाचें एक टोचरें बोल बोलून ती हंसत पेटीकडे धांवते. आईचा तर निरोपही नाहीं. सबंध भागभर मिकीस भित्रा व हास्यास्पद केलें तें याचसाठीं, कीं तिच्या जाण्याचें कोणास दुःख वाटूं नये. हा भाग प्रथम पाहिला तेव्हां तें धांवणें आम्हांसही आनंदाचें वाटलें होतें. परवां पुन्हा पाहतांना आमचें लक्ष मागें उरलेल्या मिकीकडेच गेलें. वयाचा परिणाम असेल.

पण न्याय करावयाचा तर १६ एप्रिल २००५ रोजीं दाखविलेल्या चौथ्या भागाचाही उल्लेख केला पाहिजे. बाराच तास झाले असें समजून डॉक्टर रोझला घरीं आणतो. प्रत्यक्षांत बारा महिने लोटलेले असतात. आईनें हरवलेल्या मुलीचीं पत्रकें काढलेलीं आहेत, मिकीवर खुनाचा संशय घेऊन पोलिसांनीं त्यास वरचेवर चौकशीस नेलेलें आहे, आणि आई डॉक्टरच्या सणसणीत थोबाडींत देते. पहिल्या भागांत आम्हांस लेखकाचें विस्मरण वाटलें, ती त्यानें ठेवलेली उधारी होती. मात्र 'रोझ' एक कोटीहून अधिक प्रेक्षकांनीं पाहिला. त्यांपैकीं ज्यांनीं तेवढ्यावरच मालिका सोडली असेल, त्यांच्यापर्यंत ती थोबाडींत पोंचलेली नाहीं.