एकात पंधरा? आकडा मोजण्याआधी जीन विचारा

प्लवकांवर पीएच.डी. करायची असेल तर स्कॉट मिल्स आणि सहकाऱ्यांचा 'हायड्रोबायोलॉजिया'मधला २०१७ चा पेपर वाचाच. माझं त्याच्याशी एक भांडण आहे, तरीही वाचा.

विषय आहे ब्रॅकिओनस प्लिकॅटिलिस. खाऱ्या, मचूळ पाण्यातला हा सूक्ष्म रोटिफर मासे-कोळंबीच्या हॅचरीत पिल्लांना खाऊ घालतात. म्युलरने १७८६ मध्ये त्याचं वर्णन केलं. हॅचरीवाले मात्र त्यात मोठा 'एल' आणि लहान 'एस' असा फरक करायचेच. मिल्स यांनी जुने आणि नवे मिळून १२७३ नमुन्यांचे सीओआय आणि आयटीएस-१ हे दोन डीएनए-तुकडे एकत्र केले आणि सांगितलं, या एका नावाखाली १५ प्रजाती आहेत.

आता हा १५ आला कुठून ते बघा. तो आयटीएस-१ चा आकडा आहे. सीओआयला विचारलं तर तो याहून कितीतरी जास्त गट पाडतो. म्हणजे प्राणी तेच, आणि दोन साक्षीदार दोन गोष्टी सांगतात! सीओआय मायटोकाँड्रियातला, फक्त आईकडून येणारा. पूर्वी कधी दोन प्रजातींचा संकर झाला असेल तर एकीचा मायटोकाँड्रिया दुसरीत जाऊन बसलेला असू शकतो. आयटीएस-१ केंद्रकातला, त्याचा इतिहास वेगळा. लेखकांनी हा विरोध लपवला नाही, दोन्ही निकाल समोर मांडले, हे मला फार आवडलं. पण शीर्षकात 'एकात पंधरा' असं ठणकावून येतं, आणि पुढे उद्धृत करणारे तेवढंच उचलतात. गट पाडणाऱ्या पद्धतींनाही एका ठिकाणचे ढीगभर आणि दुसरीकडचे दोनच नमुने दिले की त्या डळमळतात.

नकाशाचंही तसंच. स्पेनमधल्या खाऱ्या तळ्यांवर कित्येक वर्षं काम झालंय, म्हणून तिथे ठिपके दाट. जिथे ठिपका नाही तिथे प्रजाती नाही, की कुणी जाळीच टाकली नाही? नुसत्या नकाशावरून ते कळत नाही.

तुम्ही म्हणाल, साताऱ्या-सांगलीत समुद्र कुठाय? पण याच्याच गोड्या पाण्यातल्या भावंडाचं, ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरसचं नाव आपल्याकडच्या तलावांच्या याद्यांत हमखास असतं. २०१८ मध्ये मिखालूदी आणि सहकाऱ्यांनी त्याच्याही चार प्रजाती केल्या, आणि नुसत्या डीएनएवर न थांबता शरीराची मापंही घेतली. (माझ्या मते तो पेपर जास्त पक्का.) समजा, तुम्हाला संगम माहुलीला कॅलिसिफ्लोरस मिळाला आणि खाली हरिपूरलाही मिळाला. नदी कृष्णाच, पण प्रजाती एकच का? जुन्या यादीतलं नाव हे सांगू शकत नाही. विभागातल्या कपाटातल्या बाटल्याही बहुधा सांगणार नाहीत, कारण फॉर्मॅलिनमध्ये डीएनए खराब होतो.

म्हणून जाळी ओढली की नमुना तिथेच काठावर दोन बाटल्यांत वाटा. एक फॉर्मॅलिनची, मोजणी आणि मापांसाठी. दुसरी ९५ टक्के अल्कोहोलची. दोन्हींवर जागा आणि तारीख पेन्सिलीने लिहा, शाई अल्कोहोलमध्ये पुसली जाते.