सैरंध्रीचा डाव

तालमीत कुस्ती निकाली झाली की बोलणं सुरू होतं ते डावाचं. ढाक कुणी मारली, पट कुणी काढला, समोरचा कुठं फसला. ज्यानं डाव टाकला त्याचं नाव लागतं, हे कोल्हापुरात वाढलेल्या पोरालाही सांगावं लागत नाही. आपल्या चित्रपटांत, मालिकांत आणि कादंबऱ्यांत मात्र बाईनं रचलेला डाव पुरुषाच्या नावावर लागत आला. इतकी वर्षं लागत आला की आता तिला डाव रचूच दिला जात नाही. शेवटच्या प्रसंगात तिनं बांधलेल्या हातांनी हाक मारायची, एवढंच काम तिच्याकडे उरतं.

कोल्हापूरच्या चित्रपटाची सुरुवात अशाच एका डावापासून झाली. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. विराटाच्या राजवाड्यात दासी होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्या मागे लागलेला राणीचा भाऊ कीचक आणि त्याला संपवणारा भीम. विराटपर्व नीट वाचलं तर या प्रकरणात सगळ्यात जास्त धडपड द्रौपदीची आहे. भर सभेत कीचक लाथ मारतो तेव्हा ती राजाला जाब विचारते. युधिष्ठिर तिला निघून जायला सांगतो. त्याच रात्री ती मुदपाकखान्यात जाऊन भीमाला उठवते, कारण पाचांपैकी कोण हलेल हे तिला पक्कं ठाऊक आहे. नृत्यशाळेची जागा भीम सुचवतो, पण कीचकाला गोड बोलून, एकट्याला, अंधारात तिथं आणण्याचं जोखमीचं काम तिचं. वध झाल्यावर रखवालदारांना बोलावणारीही तीच. पुढे कीचकाचे भाऊ तिला जाळायला ओढून नेतात, ती हाक मारते आणि भीम धावतो. म्हणजे सोडवणूक मूळ कथेत आहेच, आणि माझी तक्रार तिच्याबद्दल नाही. सोडवणुकीआधी बाईनं काय केलं ते महाभारतानं गाळलेलं नाही, आपण गाळलं.

का गाळलं, याचं एक उत्तर रंगभूमीवर सापडतं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली आलं. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला, युधिष्ठिरात मवाळ, भीमात जहाल आणि द्रौपदीत पारतंत्र्यातली मातृभूमी. १९१० मध्ये सरकारनं नाटकावर बंदी घातली. त्या काळाची गरज मला समजते. भीमाला चेतवायचं तर द्रौपदीचा आकांत मोठा करावाच लागणार. पुढे इंग्रज गेले, पण तो आकांत आपल्या कथालेखकांच्या हाताला चिकटून राहिला.

‘सैरंध्री’ची प्रत आज उपलब्ध नाही. तिच्याविषयी बोललं जातं ते बहुतेक भीमानं केलेल्या वधाबद्दल. ज्या दोघी बायका त्या चित्रपटात उभ्या राहिल्या, त्या गुलाबबाई आणि अनुसूयाबाई. त्या काळी सिनेमात काम करणं म्हणजे समाजाचे बोल ऐकणं होतं. पडद्यावर त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी झाली.

नंतरच्या पिढीनं वेगळं करून दाखवलं, हे मुद्दाम सांगायला हवं. प्रभात कंपनी १९२९ साली कोल्हापुरातच निघाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. तिथं १९३६ साली शांतारामबापूंनी ‘अमरज्योती’ काढला. त्यातली दुर्गा खोटे यांची सौदामिनी न्याय नाकारला गेल्यावर समुद्रावरची लुटारू होते आणि ज्यानं अन्याय केला त्यालाच पकडून आणते. पुढच्याच वर्षी ‘कुंकू’. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा संसार मानायलाच नकार देते, अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला छडीनं फोडून काढते. शांता आपटे यांच्या चेहऱ्यावर तेव्हा भीतीचा लवलेश नाही. कुणीतरी येईल म्हणून ती दाराकडे बघत नाही. तरीही कथेचा शेवट मला खटकतो. नवऱ्याला उपरती होते, तो जीव देतो आणि नीरा सुटते. एवढं झुंजलेल्या बाईची बेडी शेवटी त्याच्या निर्णयानं तुटते. मराठीतल्या सर्वांत धीट चित्रपटांपैकी एकालाही इथं अडखळावं लागलं.

अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’मध्ये (१९५९) तमाशाच्या बोर्डावरूनच पाटलाचं पाप गावासमोर येतं. हंसा वाडकर आणि जयश्री गडकर यांचा हा चित्रपट पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. बाईची जीभ हेच हत्यार असलेली कथा लोकांनी डोक्यावर घेतली होती. पण त्यानंतर ग्रामीण चित्रपटाची जी लाट आली तिनं घुंगरू, फड आणि पाटलाचा वाडा उचलला, आणि जीभ तिथंच ठेवली. पहिल्या अर्ध्या तासात सवाल-जवाबात भल्याभल्यांना गप्प करणारी नायिका शेवटच्या रिळात वाड्याच्या खोलीत कोंडलेली सापडते. नायक घोड्यावरून किंवा जीपमधून येतो. जी बाई शब्दानं माणूस उभा चिरते, ती त्या खोलीत तोंड का उघडत नाही, हे लेखकाला कुणी विचारलं नाही.

आता तेच मालिकांत चाललं आहे, आणि त्यातल्या कितीतरी कोल्हापूरच्या मातीतल्या म्हणून दाखवल्या जातात. नायिका शिकलेली असते, शिक्षिका असते, कारभार सांभाळते. पण रोज एक भाग दाखवायचा म्हणजे संकट लांबवावं लागतं, आणि शहाणी बाई संकट चार वाक्यांत मिटवेल. मग तिला नेमकं तेच कळत नाही जे घरातल्या मोलकरणीलाही कळलेलं असतं. तिचं दूध बदललं जातं, तिला पळवून गोदामात ठेवलं जातं. तिची हुशारी कथेला अडचणीची वाटते म्हणून काढून घेतात. हा आळस आहे, परंपरा नव्हे.

‘सैराट’ची आर्ची (२०१६) वेगळी होती. परश्याच्या जिवावर बेतल्यावर पिस्तूल तिनंच झाडलं आणि परक्या शहरात उभं राहायलाही ती शिकली. त्या चित्रपटाचा शेवट भयंकर आहे, पण तिच्या अंगचं बळ कुठंही खोटं पाडलेलं नाही.

सगळ्यात जास्त दुखतं ते ऐतिहासिक कथांत. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांच्या ‘छावा’वरून २०२५ साली हिंदीत मोठा चित्रपट आला. येसूबाईंच्या नावे ‘श्री सखी राज्ञी जयति’ अशी मुद्रा होती. संभाजीराजे गेल्यावर, स्वतः रायगडावर वेढ्यात राहून, राजारामांना गडाबाहेर काढण्याचा निर्णय घेणाऱ्या त्या. राज्य त्या निर्णयावर तगलं. पडद्यावर त्यांच्या वाट्याला बहुतेक वेळ ओवाळणं, निरोप देणं आणि डोळे भरून वाट बघणं आलं.

आणि ताराराणी. कावळा नाक्यावरच्या त्यांच्या अश्वारूढ पुतळ्याखालून आपण रोज जातो. १७०० ते १७०७ त्यांनी औरंगजेबाला थकवलं ते केवळ तलवारीनं नव्हे. पावसाळा तोंडावर येईपर्यंत किल्ला लढवायचा, मग पैसे घेऊन सोडायचा, मोगल फौज पुढे सरकली की पुन्हा घ्यायचा. हा खरा डाव. यात नाट्य नाही असं ज्याला वाटतं त्यानं ऐतिहासिक लिहू नये. पण अशी मसलत करणारी बाई लिहायला अभ्यास लागतो, आणि घोड्यावर बसवून तलवार उगारलेली बाई लिहायला लागत नाही. म्हणून आपल्याकडे पुतळे बरे होतात, संहिता होत नाहीत.

कोल्हापुरात आज लिहिणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. तुमच्या संहितेची शेवटची दहा पानं काढा. त्यात तुमची नायिका काय ठरवते ते एका वाक्यात लिहून बघा. वाक्य जमलं नाही तर ती दहा पानं फाडून पुन्हा लिहायला बसा.